बोजा उतरेपर्यंत

नारपोलीत मला वकीलबाई म्हणतात. मी वकील नाही. मी करसल्लागार होते, म्हणजे आधी विक्रीकर, मग व्हॅट, मग जीएसटी अशी नावं बदलत गेलेल्या एकाच दुखण्यावर औषध देणारी. पण फायली काखेत मारून जी बाई दर आठवड्याला ठाण्याला जाते ती वकीलच, असा आमच्या गल्लीचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं. गेल्या वर्षी मी ऑफिस बंद केलं. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, धंद्यातलं काहीतरी गमतीदार लिहा. करात गंमत कुठून आणू, असं मी त्यांना फोनवर म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर मला एकदम पडघ्याच्या गुलाबबाईची आठवण आली आणि दिवसभर दुसरं काही सुचेना.

रिटर्न भरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उरलेलं निम्मं बोजा उतरवण्यात गेलं. ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. एखाद्या व्यापाऱ्याचा कर थकला की सरकार आधी नोटीस पाठवतं, मग बँक खातं अडवतं आणि तरी काही हाती लागलं नाही की तहसील कार्यालयाला पत्र धाडतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. त्यात एक ओळ चढते: अमुक विभागाचा बोजा. ओळ चढली म्हणून कोणी तुम्हाला जमिनीवरून उठवत नाही. भात तुम्हीच लावायचा, तुम्हीच कापायचा. पण विकायला गेलात की घेणारा सातबारा बघून चहा अर्धा टाकून उठतो, बँक दारात उभं करत नाही आणि गोडाऊनसाठी आलेली पार्टी शेजारच्या गावात जाते. कशेळीपासून पडघ्यापर्यंत आता जमिनीवर भातापेक्षा गोडाऊनच जास्त उगवतात, त्यामुळे या एका ओळीपायी भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी कितीतरी घरांत पाहिलं.

कशेळीच्या एका आजोबांनी थकलेला सगळा कर भरून टाकला होता. भरल्याचं चलन त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागले. नातवाला कर्ज हवं होतं तेव्हा कळलं की बोजा जागच्या जागी आहे. आजोबा माझ्यावरच रागावले. सरकारला पैसे पोचले, मग सरकारला माहीत नाही का, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, आजोबा, पैसे घेणारं सरकार वेगळं आणि ओळ लिहिणारं सरकार वेगळं, आणि त्या दोघांची बोलचाल नाही. कर भरला की कर खात्याकडून बोजा कमी करण्याचं पत्र घ्यायचं, ते आपण स्वतः तलाठ्याकडे न्यायचं, तो फेरफार धरतो, नोटीस काढतो, कोणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि मग कुठे ती ओळ जाते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण नाव लांब झालं म्हणून काम लवकर होत नाही. आमच्या भागात ही चूक घरटी एक सापडेल. भरलं की सुटलो, असं माणसाला वाटतंच.

दुसरे असतात ते शहाणे. नोटीस आली रे आली की हे मालमत्ता बायकोच्या नावावर करतात. बोजाही मागोमाग तिच्याकडे जातो, हे त्यांना माझ्या ऑफिसात आल्यावर कळतं. नारपोलीतल्या अशाच एका लूममालकाची बायको त्याच्यादेखत मला म्हणाली होती, जन्मात एकदा काही नावावर केलंन, तेही बोज्यासकट. तो बिचारा पंख्याकडे बघत बसला.

असो. काशिनाथशेठ माझ्याकडे आले ते या दोन्ही जातींतले नव्हते. कशेळीकडचं खाडीकाठचं आगरी घर. वडील वारल्यावर जमिनीवर तीन नावं लागली होती: थोरले काशिनाथ, धाकटा रघुनाथ आणि मधली बहीण गुलाब, भावांची ‘बाय’, ती पडघ्याला दिलेली. रघुनाथचं नारपोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुट्या भागांचं दुकान होतं. धोटे, पिकर, पट्टे, असला माल. लूम धडाधड भंगारात जायला लागले तेव्हा ते दुकानही बसलं. त्याची उधारी गावभर अडकली आणि त्यानं शटर ओढून घेतलं. त्यानंतर कर खात्याच्या नोटिसा बंद शटरवर चिकटत राहिल्या. सुनावणीला कोणी हजर नाही म्हटल्यावर अधिकाऱ्यानं आपल्या अंदाजानं कर लावला, त्यावर व्याज, त्यावर दंड. याला आम्ही एकतर्फी आकारणी म्हणतो. असल्या आकारणीतला बराचसा आकडा मुळात देणंच नसतो, पण ते सांगायला माणूस समोर लागतो.

माणूस नव्हता. शेवटची नोटीस घरी आली, जमीन जप्त होईल असं त्यात लिहिलेलं, आणि काशिनाथशेठनी भर अंगणात, भाऊकीसमोर, धाकट्याला सांगितलं की तू आम्हाला मेलास. रघू त्याच दुपारी गेला. कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर वडील गेले, तिघांची वारस म्हणून नावं लागली आणि पाठोपाठ बोजा आला. तोही रघूच्या हिश्शापुरता नव्हे, सगळ्या जमिनीवर. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं झालं.

काशिनाथशेठची मागणी सोपी होती. बोजा फक्त रघूच्या हिश्शापुरता ठेवा असा अर्ज बाकीच्या हिस्सेदारांना करता येतो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते खरंच होतं. त्यांचा आणि बहिणीचा हिस्सा मोकळा झाला असता, गोडाऊनवाली पार्टी थांबली होती, तिला जागा देता आली असती. रघूचा तुकडा मग बोज्यासकट पडला असता तसाच. अडचण एवढीच होती की बहीण सही करत नव्हती.

“तिला जास्त पायजे,” काशिनाथशेठ म्हणाले. “पोटात काय हाय ते सांगत न्हाय. तुमी बाईमानूस, तुमाला सांगंल.”

मलाही तसंच वाटलं. गोडाऊनचे भाव कळल्यापासून इथल्या बहिणी मुकाट्यानं हक्क सोडत नाहीत, आणि का सोडाव्यात? मी मनातल्या मनात एक मधला आकडा ठरवून पडघ्याला गेले.

गुलाबबाईचं घर हायवेपासून थोडं आत होतं. पन्नाशीची, काटक बाई, पदर कमरेला खोचलेला. तिनं मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, आणि मी बोलत असताना सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत राहिली. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तुमचा हिस्सा मोकळा होईल, रघूचं नुकसान काही नाही, त्याचं आहे तसंच राहील. तुम्हाला आणखी काय हवं ते मोकळेपणी सांगा. तिनं सूप खाली ठेवलं.

“मना कायच नको, मॅडम. जवर बोजा हाय तवर दादूस रोज त्याचं नाव घेतो. शिव्या देतो, पन नाव घेतो. रघ्याचा बोजा, रघ्याचा बोजा. उद्या आमचं मोकलं झालं तर त्या घरात त्याचं नाव कोन घेईल?”

माझ्याकडे ठरवून आणलेला आकडा होता, त्याचं काय करायचं ते मला कळेना. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, आमचं अडलंय तोवर दादूस कधी ना कधी त्याला शोधायला निघेल. अडलं नाही तर कशाला निघतोय?

इतकी वर्षं मी बोजा हटवायला आलेली माणसंच पाहिली होती. तो राहू दे म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. येताना मी रिक्षात बसून तिच्या म्हणण्यात खोट शोधत होते, ती मला सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काशिनाथशेठना बोलावून घेतलं आणि सांगितलं की बहीण सही करणार नाही. पण त्याहून चांगला रस्ता आहे. एकतर्फी आकारणीविरुद्ध अपील करायचं, उशीर झाला तो माफ करा असा अर्ज जोडायचा, खरेदीची बिलं पुढे ठेवायची. आकडा एवढासा उरेल आणि बोजा सगळ्यांच्याच जमिनीवरून जाईल. हे मी त्यांना फसवण्यासाठी सांगत नव्हते. तो खरोखरच चांगला रस्ता होता. फक्त त्याला रघू लागणार होता. अपिलावर त्याची सही हवी आणि उशीर का झाला ते सांगायला पहिल्या तारखेला तो स्वतः उभा राहायला हवा. काशिनाथशेठ बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग, बघतो, एवढंच म्हणून गेले.

आणि गुलाबबाई म्हणाली होती तसंच झालं, ते निघाले. आधी त्यांनी नात्यागोत्यात विचारलं, मग रघूच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे. शेवटी ते माझ्या ऑफिसखालच्या रशीदभाईंकडे पोचले. रशीदभाईंचे एकेकाळी गल्लीभर लूम होते, आता एका खोलीपुरते उरले होते. रघूचं दुकान त्यांच्या कारखान्याला लागून होतं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच रघूला मालेगावला आपल्या साडूच्या कारखान्यात लूमदुरुस्तीच्या कामावर लावून दिलं होतं आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. काशिनाथशेठना त्यांनी पत्ता सांगितला नाही. त्यांना घेऊन वर आले, माझ्या समोर बसले आणि त्यांच्यादेखत मला विचारलं:

“मॅडम, ये लोग रघू को ढूँढ रहे हैं, या उसकी साइन को?”

काशिनाथशेठ मान खाली घालून बसले होते. एवढा मोठा माणूस, खाली गाडी उभी, गळ्यात चेन, आणि त्यांना ओठ हलवता येईनात. रशीदभाई म्हणाले, ठीक है, मी त्याला विचारतो.

रघूचा निरोप आला तो अटीसकट. ठाण्याला येईन, सही करीन, साहेबापुढे उभा राहीन आणि परत जाईन. गावाचं नाव काढायचं नाही, घरचं कोणी यायचं नाही. मी कबूल झाले. पण गुलाबबाईला तारीख विचारायला कोणी अडवलं नव्हतं, आणि मालेगावची एसटी ठाण्याला कोणत्या रस्त्यानं येते हे पडघ्याच्या बाईला मी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी काय घडलं ते मला पुढे दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सारखंच सांगितलं, म्हणून ते खरं असावं. गुलाबबाई पहाटेपासून फाट्यावर उभी होती. मालेगावची प्रत्येक गाडी हात करून थांबवायची, आत चढून बघायची आणि उतरायची. कंडक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. एका गाडीत तो खिडकीशी बसलेला दिसला. केस पिकलेले, अंगानं निम्मा झालेला. ती जाऊन त्याच्या सीटपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “सरक.” तो सरकला. ती बसली आणि तिनं ठाण्याचं तिकीट काढलं.

मी कार्यालयाच्या दारात फाईल घेऊन उभी होते. ती दोघं एकामागोमाग येताना दिसली आणि अट मोडली हे विसरून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला भाऊ नाही. बहीणही नाही. लहानपणी भाऊबीजेला आई मला चंद्राला ओवाळायला लावायची. ते सगळं मी विसरून गेले आहे असं मला वाटत होतं.

सुनावणीला फार वेळ लागला नाही. रघूनं सरळ सांगितलं की दुकान बुडालं, लाज वाटली, गाव सोडलं, शटरवरच्या नोटिसा बघितल्याच नाहीत. अपील अधिकारी तरुण होते, त्यांनी उशीर माफ केला आणि बिलं आणा म्हणाले. बिलं पडघ्याला होती. दुकान बंद केल्यावर रघूनं सगळं एका पोत्यात भरून बहिणीकडे टाकलं होतं आणि तिनं ते इतकी वर्षं भाताच्या कणगीशेजारी उंदरांपासून सांभाळलं होतं. पुढची तारीख मिळाली. बाहेर बाकावर गुलाबबाईनं डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि निवट्यांचं, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण. खाडी घाण झाल्यापासून निवट्या सहज मिळत नाहीत, ती खास माहेराहून कोणाकडून तरी मागवून घ्यायची. सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात तो वास सुटल्यावर शिपाई ओरडायला आला आणि एक भाकरी घेऊन गेला.

आता खरी गोष्ट अशी की दुसऱ्या तारखेला बिलं दिल्यावर रघूचं काम संपलं होतं. पुढच्या तारखांना मी एकटी पुरेशी होते. अधिकारपत्र असतं ते त्यासाठीच. मी त्याला तसं सांगणार, तेवढ्यात गुलाबबाई माझ्याबरोबर पाणी प्यायला म्हणून जिन्यापाशी आली.

“मॅडम, पुढच्या तारखेला बी तो लागंल ना?”

मी म्हटलं, लागेल.

माझ्या धंद्यात तारीख मागणं हा मी कायम स्वतःचा अपमान मानत आले. दुसरे सल्लागार तारखा मागतात, मी काम संपवते, अशी माझी घमेंड होती आणि ती नारपोलीभर माहीत होती. त्या अपिलात मात्र मी तारखा मागितल्या. एकदा बिलं जुळवायची आहेत म्हणून, एकदा प्रकृती बरी नाही म्हणून. अपील अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाले, मॅडम, तुम्ही तारीख मागताय? मी म्हटलं, वय झालं साहेब. तिकडे घरी काशिनाथशेठ जिवाला घोर लावून बसले होते, गोडाऊनवाली पार्टी कंटाळून कोन गावाकडे जागा बघायला लागली होती, आणि मी इकडे व्हरांड्यात भाकरी खात होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावायची. ही म्हण इतकी उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दर तारखेला गुलाबबाई पडघ्याला त्याच्या एसटीत चढायची. तो आता आधीच खिडकीकडे सरकून जागा धरून ठेवायचा. आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोघांची कुजबुज चाले, कधी भांडण, कधी नुसतंच बसणं. एकदा तिनं त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिथेच बसून लावलं. तो शर्ट अंगात असतानाच, आणि त्याच्या तोंडात तिनं काडी धरायला दिली होती, अंगावर शिवलं की तशी धरतात म्हणून. समोरून साहेब जाताहेत, वकील जाताहेत, आणि हा पन्नाशीला आलेला माणूस तोंडात काडी धरून बसलेला. मी फाईल वाचायचं सोंग केलं.

घरी का जात नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं. मला वाटत होतं, बोज्यामुळेच. तो म्हणाला, बोज्याचं काय, तो सरकारचा हाय, उतरंल. “बापूस गेला ते मना उशिरा समजलं. दहाव्याला केस न्हाय काढले मी. आता कंच्या तोंडानं त्या घरात जाऊ?” असल्या थकबाकीला आमच्या कायद्यात अपील नाही. गुलाबबाईला मात्र मी हे सांगितलं नाही. तिची समजूत होती की ओळ गेली की तो घरी येईल.

तारखा किती लांबवणार? एक दिवस अपील अधिकाऱ्यांनी निकाल दिला. आकारणी रद्द झाली, खरी देणी तेवढी राहिली आणि ती रघूनं स्वतः भरली, भावाकडून पैसे घेतले नाहीत. मी पत्र घेतलं, तलाठ्याकडे नेलं, फेरफार झाला, नोटिशीची मुदत गेली, नोंद मंजूर झाली. माझ्या हातून उतरलेला तो शेवटचा बोजा. नवा सातबारा घ्यायला काशिनाथशेठ पेढे घेऊन आले, गुलाबबाईही आली. काशिनाथशेठनी कागद हातात धरला आणि म्हणाले, रघूला रशीदभाईकडून निरोप धाडलाय, ये म्हणून. उत्तर आलं नाही. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावर ठेवला, तो उघडायचंही त्यांना सुचलं नाही.

ते खाली गेल्यावर गुलाबबाई मागे थांबली. तिनं कागदाकडे पाहिलं नाही.

“आता तारीख न्हाय का कंची?”

मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि जिना उतरून गेली. बोजा उतरल्यावर माणसं माझ्या पाया पडतात, पेढे भरवतात. मी किती वर्षं त्या चेहऱ्यांवर जगले आहे. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदाच वाटलं की ही ओळ आणखी थोडे दिवस राहिली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर काही महिन्यांत मी ऑफिस बंद केलं. आमच्या गल्लीत पूर्वी लूमच्या खटखटीत एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, आता सगळे हळू बोलतात आणि मला ऐकू येत नाही. ठाण्याची वारी संपली. मला अपिलांची आठवण येत नाही, साहेबांची तर मुळीच नाही. मला तो व्हरांडा हवासा वाटतो, तो बाक, आणि ती दोघं. ज्यांच्याशी माझं रक्ताचं काही नाही त्या दोन माणसांच्या शेजारी बसून खाल्लेली भाकरी मला अजून हवी आहे, हे लिहायला लाज वाटते, पण तसं आहे.

दिवाळीच्या थोडं आधी रघूचा फोन आला. मालेगावहून. मागे कारखान्याचा आवाज होता, तो ऐकून मला बरं वाटलं. त्यानं तब्येत विचारली, ऑफिस बंद केलं ते रशीदभाईंकडून कळलं म्हणाला. मग घुटमळायला लागला.

“मॅडम, कायतरी राहिलं असंल. एकांदी सही. बगा ना जरा.”

मी म्हटलं, रघू, काही राहिलेलं नाही. आणि मग माझ्यानं राहवलं नाही. मी त्याला सांगून टाकलं की पहिल्या दोन तारखांनंतर तुझी गरज नव्हतीच, मी तुला उगीच बोलवत होते.

“मना म्हाईत व्हतं,” तो म्हणाला. “इकरच्या एका वकिलानं तवाच सांगितलेलं. अधिकारपत्र दिलं की मानूस लागत न्हाय.”

“मग येत का होतास?”

“पडघ्याला बाय चढायची.”

लूमचा आवाज येत राहिला. शेवटी मी म्हटलं, भाऊबीज जवळ आली आहे, ये. ठाण्यापर्यंत येऊ नकोस, तिथे आता आपलं काही काम नाही.

मग एखादं कोडं मला विचारून सोडवावं तसं त्यानं विचारलं:

“मंग तिकीट पडघ्याचं काढू?”

“पडघ्याचंच काढ,” मी म्हटलं.